खाट नंबर त्रेचाळीस

“हे ऐकून तुमच्यापैकी एकजण जरी ‘खरं आहे’ म्हणाला, तर मी मिशी उतरवून देईन,” म्हातारा म्हणाला. “पण कोणी म्हणणार नाही. म्हणून तर सांगतोय.”

बाक चौघांचा होता. एका टोकाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलेला टेम्पोवाला, त्याच्या शेजारी आईच्या डोळ्यांची फाइल छातीशी धरलेली शिवणवाली, मग म्हातारा, आणि भिंतीकडच्या टोकाला घडी केलेला टॉवेल उजव्या कुशीला दाबून, डोळे मिटून बसलेली एक बाई. तिच्या मांडीवर फोन होता. समोर काचेची खिडकी, खिडकीला चिकटवलेला कागद: ‘योजनेची मंजुरी आज पाच वाजेपर्यंतच.’ उद्यापासून जुनी विमा कंपनी जाणार आणि नवी येणार, हे दवाखान्यातल्या पाणी पाजणाऱ्यालासुद्धा तोंडपाठ झालं होतं. खिडकीच्या डोक्यावर घड्याळ. चारला दहा कमी होते, आणि त्या घड्याळाकडे बघावं लागू नये म्हणून बाकावरची माणसं काहीही ऐकायला तयार होती.

म्हाताऱ्याचा उजवा हात पँटच्या खिशात खोल गेलेला होता. तो तसाच ठेवून त्याने डाव्या हाताने हवेत पडदा सरकवल्यासारखं केलं आणि सुरुवात केली.

एका गावात एक कुलूपवाला होता. गाव कुठलं ते विचारू नका, गावाची बदनामी होईल. जिन्याखाली त्याचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक स्टूल, किल्ल्या कापायचं मशीन आणि मागच्या भिंतीला टांगलेल्या हजारभर किल्ल्या, ज्यांची कुलपं कधीच मेली होती. कुलपात फुंकायच्या शिशाच्या पुडीने त्याचा उजवा अंगठा कायमचा काळा झालेला. आंघोळ करून आला तरी काळा, लग्नात उभा राहिला तेव्हाही काळा.

माणसाला खोडी दोन. पहिली बरी होती. बसवलेल्या प्रत्येक कुलपाच्या पोटावर, खालच्या बाजूने, तो बारीक खिळ्याने तारीख ठोकायचा. उगाच कोणी येऊन म्हणायला नको, ‘काल बसवलंत आणि आज बिघडलं.’ दुसरी खोडी म्हणजे थापा. एक तिजोरी म्हणे त्याने शिंकून उघडली होती. एक कुलूप म्हणे फक्त घरमालकाच्या मेव्हणीने शिव्या घातल्या तरच उघडायचं. गिऱ्हाईक किल्ली घ्यायला पाच मिनिटांसाठी यायचं आणि तासाभराने हसत जायचं. गावात कोणाला त्याचा राग नव्हता, आणि त्याच्यावर कोणाचा विश्वासही नव्हता.

त्याची थाप फक्त एकाच माणसाला पकडता यायची, त्याच्या बायकोला. तिने संसारात एक शोध लावला होता. ती म्हणायची, “यांचं खरं असलं की ते ढगळ असतं. ‘झाले असतील चार-पाच दिवस’, ‘होती दहा-पंधरा माणसं.’ आणि खोटं असलं की मापात शिवलेलं असतं. आकडा नेमका आला की समजायचं, गडी हवेत गेला.”

“हे शिवणकामातही आहे,” शिवणवाली म्हणाली. “गिऱ्हाईक म्हणतं, मागच्या वेळी तुम्ही साडेचौदाच घेतलं होतं. साडेचौदा म्हटलं की समजायचं, टेप हातात धरलेली नाही.”

“बघा,” म्हातारा म्हणाला. “शास्त्र आहे हे.”

तर या बायकोच्या पोटात दुखायला लागलं. उजव्या बाजूला, बरगडीखाली. आधी ती म्हणाली गॅस आहे. मग म्हणाली झोप झाली नाही. मग एके दिवशी स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली आणि काहीच म्हणाली नाही, तेव्हा कुलूपवाला घाबरला. सोनोग्राफी झाली. पित्ताच्या पिशवीत खडा. तोही कुठे, तर पिशवीच्या तोंडाशी, दारात पाय अडकवून उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा.

दवाखाना खासगी होता, पण योजनेतला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. “खडा नळीत उतरला तर कावीळ, ताप, आणि मग माझ्या हातात फारसं राहणार नाही,” त्या म्हणाल्या.

“कधी उतरेल?”

“तो मला विचारून उतरणार नाही. आठवड्याच्या आत करून घ्या.”

स्वतःच्या खिशातून करायचं तर दुकान, मशीन आणि कुलूपवाला असे तिन्ही विकावे लागले असते, आणि तिसऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं. सरकारी इस्पितळात नंबर लागत होता, पण दोन-तीन महिन्यांनंतरचा. पण कुलूपवाला निर्धास्त होता, कारण त्याच्याकडे योजनेचं कार्ड होतं. योजना मोठी गोड होती. विम्याचा हप्ता सरकार भरणार, मंजुरी कंपनी देणार, चाकू खासगी दवाखाना चालवणार. तिघांनी मिळून एका आजारी माणसाला उचलायचं. फक्त उचलताना प्रत्येकाला वाटायचं, पायाकडची बाजू दुसऱ्याने धरलेली आहे.

दवाखान्यात खिडकीमागे कंपनीचा माणूस बसायचा. टाय लावायचा, म्हणून टायवाला. त्याने कार्ड घेतलं, नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं आणि कार्ड परत दिलं.

“यांची पित्ताची पिशवी काढून झालेली आहे.”

“कोणाची?”

“यांचीच. गेल्या वर्षी. हे काय, सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी ऑपरेशन सुरू, बारा वाजून चार मिनिटांनी संपलं. खाट नंबर त्रेचाळीस. तिसऱ्या दिवशी घरी. प्रकृती समाधानकारक.”

कुलूपवाल्याने बायकोकडे बघितलं. बायकोने स्वतःच्या पोटाकडे बघितलं.

“मग दुखतंय काय?” ती म्हणाली.

“ते डॉक्टर सांगतील. माणसाला पिशवी एक, आणि योजनेत एका पिशवीला मंजुरी एकदाच. नियम आहे.”

“अहो, पण सोनोग्राफीत दिसतेय ना ती. खड्यासकट.”

“दिसत असेल,” टायवाला म्हणाला. तो उद्धट नव्हता, उलट त्याला वाईट वाटत होतं. “आमच्याकडे दिसत नाही.”

“काका, मिशी सांभाळा,” टेम्पोवाला म्हणाला. “हे तर शंभर टक्के खरं असणार. माझ्या मेव्हण्याला त्यांच्या कंप्युटरने बाळंत केलंय. मुलगी झाली म्हणे, वजन चांगलं आहे.”

शिवणवाली तोंडाला पदर लावून हसली. भिंतीकडच्या बाईने टॉवेलची घडी उलटी केली आणि पुन्हा कुशीला दाबली. म्हाताऱ्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि आवाज थोडा वर नेला.

कुलूपवाला सरकारी कचेरीत गेला. योजनेच्या टेबलावर चष्मेवाला कारकून. तो कुलूपवाल्याला ओळखत होता. कचेरीचं कपाट अडकलं की हाच यायचा, आणि कपाट उघडेपर्यंत दोन-तीन थापा मारून जायचा. शिंकेची गोष्ट चष्मेवाल्याची आवडती होती.

“या, या. आज काय नवीन?” तो म्हणाला.

कुलूपवाल्याने सगळं सांगितलं. चष्मेवाला पोट धरून हसला, शेजारच्या टेबलावरच्यालाही बोलावलं, म्हणाला, हे एकदा पुन्हा सांगा. जन्मभर लांडगा आला रे आला केल्यावर खरा लांडगा दाखवायचा तरी कसा? सोनोग्राफीचा फोटो पुढे ठेवला, तेव्हा कुठे तो थोडा गंभीर झाला. पण गंभीर झाला म्हणजे सरकारी झाला.

“हे बघा,” तो म्हणाला, “सरकारचं काम हप्ता भरणं. कोणाच्या पोटात काय आहे आणि काय नाही, ते बघायला आम्ही कंपनी नेमली. ते आम्हीच बघायचं असतं तर नेमली कशाला?”

टायवाल्याकडे परत. टायवाला म्हणाला, “दवाखान्याने लिहिलं ते आम्ही मानलं. कुठला दवाखाना मानायचा त्याची यादी सरकारने दिली. यादीवर शंका घ्यायची तर सरकारचं पत्र आणा.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मी दहा वेळा लिहून देते की पिशवी आत आहे. पण माझं कोण ऐकणार? कापल्याचे पैसे मला मिळणार, म्हणून माझा शब्द सगळ्यात हलका.”

तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. तीच तर भीती होती. एखादा चोर असता तर त्याच्या पाया पडता आलं असतं. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, इथे घरं तीन होती.

रोज सकाळी कुलूपवाला बायकोला खिडकीपाशी उजेडात बसवायचा. एक पितळेची किल्ली तिच्या डोळ्याशेजारी धरायचा आणि डोळ्याचं पांढरं अजून पांढरंच आहे का, किल्लीकडे झुकायला लागलंय का, ते ताडून बघायचा. ती म्हणायची, “मी काय कुलूप आहे का?” तो म्हणायचा, “वर बघ.” रात्री तिने कूस बदलली की हा उठून बसायचा. घास घेताना तिचा हात जरा थांबला की याचाही हात थांबायचा. आणि आठवडा संपत आला होता. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, कंपनीने सरकारशी केलेल्या कराराची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. नवी कंपनी, नवी कार्डं, पुन्हा नोंदणी, म्हणजे अजून दोनेक महिने. आणि जुनी नोंद तशीच्या तशी नव्या घरात जाणार, सुनेबरोबर तिचा तोंडाळ भाऊ राहायला यावा तशी.

एका संध्याकाळी तो टायवाल्याने छापून दिलेला नोंदीचा कागद घेऊन बसला आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लागला. अकरा वाजून सतरा मिनिटं. बारा वाजून चार. खाट नंबर त्रेचाळीस. वाचता वाचता त्याच्या मानेवर काटा आला. हे त्याच्या ओळखीचं होतं. खऱ्या ऑपरेशनच्या कागदावर खाडाखोड असते, शाई फुटलेली असते, ‘साधारण साडेअकरा’ असतं. हे मापात शिवलेलं होतं. कोणीतरी त्याच्याच धंद्यातला माणूस बसून, चहा पिऊन, आरामात थाप मारून गेला होता. थापाड्याला थापाड्याची खूण पटली. मग त्याने त्या दवाखान्याचं नाव वाचलं, आणि तो उठून उभाच राहिला.

तो दवाखाना त्याला माहीत होता. जुन्या सिनेमा थिएटरमागची बसकी इमारत, एकमजली, आत खाटा असतील काहीतरी दहा-पंधरा. माहीत होता, कारण त्याच्या दाराला कुलूप यानेच घातलं होतं. परवाना नाही म्हणून सरकारी माणसांनी तो बंद केला, तेव्हा कुलूप बसवायला याला बोलावलं, लाख लावली, शिक्का मारला, आणि पंचनाम्यावर याची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथे गेला. कुलूप होतं तसंच. गंजलेलं, कोळ्याच्या जाळ्यात, लाखेचा तुकडा अजून चिकटलेला. त्याने ते उलटं केलं, पोटावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. तारीख उमटली. कागदावरच्या ऑपरेशनच्या आधीची. काही दिवसच आधीची, पण आधीची. म्हणजे सरकारने दार बंद केल्यानंतर, बंद दाराच्या आत, नसलेल्या त्रेचाळिसाव्या खाटेवर त्याच्या बायकोची पिशवी निघाली होती, कंपनीने त्याचे पैसे दिले होते, आणि त्याच सरकारच्या हप्त्यातून दिले होते. 

“वरच्या हाताला खालचा हात ठाऊक नाही,” शिवणवाली म्हणाली.

“कचेरी दोन मजली होती,” म्हातारा म्हणाला. “म्हणजे तुम्ही म्हणता तसंच झालं.”

वरच्या मजल्यावर परवान्यांचं खातं. त्यांनी रजिस्टर काढून दाखवलं, हो, बंद केला, ही तारीख, ही तुमची सही. खालच्या मजल्यावर योजनेचं टेबल. चष्मेवाला म्हणाला, वरचं वर, खालचं खाली. कुलूपवाला जिना किती वेळा चढला-उतरला याची मोजदाद नाही. शेवटी त्याने वरच्या रजिस्टरची नक्कल, आपला पेन्सिलीचा कागद आणि कंपनीची नोंद चष्मेवाल्याच्या टेबलावर एका ओळीत मांडली आणि गप्प उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा, न बोलता.

चष्मेवाल्याने तिन्ही कागद वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

“अहो,” तो हळूच म्हणाला, “हा तर घोटाळा आहे. आणि एकटा नसणार. तुम्ही मोठं काम केलंत. शाबास.” त्याने पेन उघडलं. “आत्ता चौकशी लावतो.”

कुलूपवाला टेबलावर वाकला. “म्हणजे हिचं ऑपरेशन होईल?”

“होणार ना. चौकशी संपली की लगेच. तोपर्यंत कार्ड बंद ठेवावं लागेल, पुराव्यात जातं ते.”

“किती दिवस?”

“चौकशीला दिवस कसे सांगणार? मागची अजून चालूच आहे.”

पेन कागदाकडे निघालं. कुलूपवाल्याने जन्मभर कुलपं घातली होती आणि उघडली होती, पण समोर बसून आपल्याच दाराला कुलूप पडताना त्याने कधी बघितलं नव्हतं. त्याने कागदावर पंजा ठेवला. काळा अंगठा बरोबर तारखेवर आला.

“लिहू नका,” तो म्हणाला.

“का?”

“मी थाप मारली.”

चष्मेवाल्याने पेनाचं टोपण लावलं. मग हसला. “मला वाटलंच,” म्हणाला. “पण या वेळी फारच रंगवलीत हो.”

इथे म्हातारा थांबला. तो दोनदा खाकरला. टेम्पोवाल्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली. म्हाताऱ्याने डाव्या हाताने ती घेतली, पण टोपण काही त्याच्या एका हाताला उघडेना, आणि उजवा हात त्याने खिशातून काढला नाही. शिवणवालीने उघडून दिली.

“मग?” ती म्हणाली.

मग शेवटचा दिवस उजाडला. पाचला कंपनी दुकान मिटणार होती. दुपारी टायवाल्याने कुलूपवाल्याला बाजूला घेतलं, कॉरिडॉरच्या कोपऱ्यात, जिथे मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवतात तिथे. टाय सैल केला. म्हणाला, “एक वाट आहे. पुस्तकात आहे, मी बघितलं. हजारोंत एखाद्या माणसाला जन्मतःच दोन पिशव्या असतात.”

“हिला एकच आहे.”

“मला माहीत आहे. पण नोंद खोटी आहे असं आपण म्हणायला गेलो तर चौकशी, आणि चौकशी म्हणजे काय ते तुम्ही बघून आलात. नोंद खरी आहे असं म्हटलं, तर उरली दुसरी पिशवी. तिला मंजुरी मिळते. हा फॉर्म. ‘पत्नीस जन्मतः दोन पित्ताशये असून पैकी एक यापूर्वी काढले आहे.’ खाली सही आणि शाईचा अंगठा. एवढंच. मग पाचच्या आत कंपनीतून पेशंटला फोन येईल. विचारतील, आधी एक काढली होती का? त्यांनी हो म्हणायचं. बास. तासाभरात टेबलावर.”

“आणि तो बंद दवाखाना?”

“त्याचं ऑपरेशन खरं ठरेल,” टायवाला म्हणाला आणि खाली बघायला लागला. “मी सांगितलं असं कुठे बोलू नका. मलाही उद्यापासून नोकरी नाही.”

इकडे आड, तिकडे विहीर. कुलूपवाल्याने हयातभर थापा मारल्या, पण त्या फुकटच्या होत्या. त्याच्या एकाही थापेने कोणाचं कुलूप उघडलं नव्हतं की कोणाच्या घरातली वाटी हलली नव्हती. आणि ही थाप तर त्याची नव्हतीच. ती दुसऱ्या कोणाची तरी होती, चोराची, आणि याने फक्त तिला खांदा द्यायचा होता. ते एक वेळ त्याने केलं असतं. खडा थांबत नसतो. पण ‘हो’ म्हणायचं होतं बायकोला. आणि बायको कशी? वजनाच्या मशीनवर चढायच्या आधी चपला काढून ठेवणारी, म्हणे मशीनला उगाच फसवायचं कशाला. तिला हे सांगायचं कसं? कुठल्या तोंडाने? आणि तिने ‘नाही’ म्हटलं तर?

“मग काय केलं त्याने?” टेम्पोवाला पुढे वाकला. प्लास्टरचा पाय बाकावरून घसरला, तो त्याने तसाच राहू दिला. “केली सही?”

खिडकीमागे टायवाला फोनवर कोणाशी तरी बोलत होता आणि अधूनमधून बाकाकडे बघत होता. भिंतीकडच्या बाईच्या मांडीवरचा फोन गप्प होता. म्हाताऱ्याने एकदम पाठ ताठ केली, छाती पुढे काढली आणि तो उभा राहिला.

सही? अहो, कुलूपवाला होता तो. तो तरातरा कॉरिडॉरच्या मधोमध आला. ‘ऐका,’ म्हणाला, ‘माझ्या बायकोला पिशवी एक. खडा एक. आणि खोटं बोलायचा परवाना या गावात एकट्या माझ्याकडे आहे, तो मी कंपनीला भाड्याने देणार नाही.’ असं म्हणून त्याने तो फॉर्म दोन्ही हातांत धरला आणि असा, असा, टराटरा फाडला. एकशे सव्वीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दारातून चष्मेवाला धापा टाकत आत, सरकारचं पत्र हातात. टायवाल्याने टेबलावरून उडी मारली. सरकार म्हणतं आधी आमची सही, कंपनी म्हणते आधी आमची, एका पेनासाठी झटापट. आणि बरोबर चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी मंजुरी आली. सहाच्या ठोक्याला खडा बाहेर, चौदा मिलिमीटरचा, कुलूपवाल्याने त्याच्यावरही तारीख...

“खोटं.”

भिंतीकडच्या बाईने डोळे उघडले होते. आवाज मोठा नव्हता, पण म्हाताऱ्याचे दोन्ही हात फाडण्याच्या पवित्र्यात हवेतच राहिले.

“समोर घड्याळ आहे,” ती म्हणाली. “अजून साडेचार वाजायचेत, आणि यांची मंजुरी चार त्रेपन्नला येऊन गेली.”

टेम्पोवाल्याने घड्याळाकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे, मग त्या बाईच्या कुशीवरच्या टॉवेलकडे. शिवणवालीच्या हातातली फाइल हळूहळू खाली आली.

“अगं, गोष्ट आहे ती,” उजवा हात पुन्हा खिशात सारत म्हातारा म्हणाला. “रंगवायला नको का?”

“कागद फाडलात ना? मग तो उजवा हात आणा इकडे. आणा. बायकोच्या पोटाची गोष्ट एवढ्या लोकांना सांगता येते, हात दाखवता येत नाही?” तिने त्याचं मनगट धरून हात उजेडाकडे वळवला. “सगळा जन्म हा अंगठा काळा बघितला मी. आज निळा कसा झाला?”

मांडीवरचा फोन तिने उचलून टॉवेलावर ठेवला, पडदा वर करून.

“बसा खाली,” ती म्हणाली. “आणि आकडा न घालता सांगा काय झालं ते. ‘हो’ मला म्हणायचंय, तुम्हाला नाही.”